मोरीपर्यंत

पाऊस सरला, दिवाळी झाली, आणि जिल्ह्यातल्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर दरवर्षीप्रमाणे सुविचार सुरू झाले. नवा सीझन, नवी सुरुवात. वेग विसरा, प्रोसेस एन्जॉय करा. खाली कुणाच्या तरी नव्या बुटांचा फोटो. मी तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून जेमतेम मिठाची आमटी चाखत होते. प्रोसेस म्हणे. फोन पालथा ठेवला आणि मीठ नाही तर आंबट तरी लागू दे म्हणून आमटीत कोकमाची चार सोलं जास्त टाकली.

राग ते सुविचार टाकणाऱ्यावर नव्हता. असलंच काहीतरी मी स्वतः किती वर्षं लोकांना ऐकवत आले होते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. नांदगावच्या हायवेपासून आत आमचं गाव, आणि गावातून स्टेशनाकडे जाणारा जुना रस्ता हे माझं मैदान. चाळिशीच्या तोंडावर पळायला लागले ते वजन उतरावं म्हणून. वजन काही फार उतरलं नाही, पळणं मात्र अंगी लागलं. कोल्हापूरला, गोव्याला जाऊन एकवीस-एकवीस किलोमीटर धावून आले. पण खरं सांगायचं तर मला शर्यतीपेक्षा सीझनची सुरुवातच आवडायची. चार महिने पावसात पाय गंजलेले. घरापासून व्हाळावरच्या मोरीपर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या त्या एवढ्याशा पुलापर्यंत, जायचं आणि परत यायचं, बस्स. धाप लागते, पोटऱ्या दुखतात, दप्तर घेतलेली पोरं पुढे निघून जातात, आणि तरी आपलं काही चुकत नाही. भात कापून झालेलं असतं, मळ्यात पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या असतात, गवतावर दंव. त्या आठ-पंधरा दिवसांत मी जितकी सुखात असायचे तितकी मेडल गळ्यात पडल्यावरही कधी नव्हते.

आमच्याकडे पळण्यात एकच अडचण आहे, माणसं चांगली आहेत. रस्त्यानं कोणी पायी दिसलं की गाडी थांबलीच पाहिजे. चालणाऱ्यासाठी थांबतात, मग धावणाऱ्यासाठी तर करकचून ब्रेक लागतो. कारण माणूस धावेल कशाला? एक तर गाडी चुकली असेल, नाही तर कोणी गेलं असेल. पहिल्या वर्षी जो तो विचारायचा, "वयनीनू, कोण गेला काय?" मी म्हणायचे, कोण नाय, अशीच धावतंय. मग तो माझ्याकडे असा बघायचा, की गेलंय कोणीतरी नक्की आणि ही सांगत नाही. पुढे लोकांना सवय झाली, पण "बसा, सोडतंय" काही सुटलं नाही. तोंडावर नाही म्हटलं तर वाईट वाटून घेतात. म्हणून मी हसायचं, हात हलवायचा आणि पाय थांबवायचे नाहीत, अशी एक पद्धत बसवून टाकली होती.

ह्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या ह्यांच्या छातीत दुखलं. हे ओरोसला कचेरीत कारकून. टेबलाशीच घामाघूम झाले. बरोबरच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, तिथून गोव्याला. आत जाळी बसवली आणि जीव वाचला. पण घरी आलं ते निराळंच माणूस. पडवीत खुर्चीवर बसायचं आणि छातीवर हात ठेवायचा. देवळापर्यंत चला म्हटलं की, "आणि वाटेत काय झालां म्हणजे?" आंघोळीला गेले तरी आतून कडी लावायचे नाहीत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हृदय आता ठीक आहे, पण चाललंच पाहिजे. मग हळूहळू थोडं धावलात तरी हरकत नाही. बसून राहिलात तर परत इथेच भेट होईल. आणि एक खूण दिली होती, चालताना-धावताना तोंडानं सरळ बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं.

हे एकटे जायला तयार नव्हते. म्हणजे मी आलेच. ह्यांना उठवायचं, मोरीपर्यंत न्यायचं आणि आणायचं, हा माझा नवा सीझन. कोल्हापूरला नाव घातलं होतं, ते कोणाला न सांगता काढून टाकलं.

पहिल्याच दिवशी, अर्ध्या वाटेवर, वाडीतल्या एकाची स्कूटर थांबली. जत्रांचे दिवस होते. रात्रभर दशावतारी नाटक बघून तो परतत होता, डोळे लालभडक. "भाऊनू, बसा, सोडतंय घराकडे." मी हसून हात हलवायच्या बेतात, तर हे चक्क मागे बसले. बसले आणि गेले. मी रस्त्यात उभी, ह्यांची पाण्याची बाटली हातात घेऊन. घरी येऊन बघते तर स्वारी खुर्चीत.

"बसलात कित्याक?" मी विचारलं.

"तेका नाय म्हणाचां कसां? बरां दिसणा नाय."

"आणि डॉक्टरांका नाय म्हणाक बरां दिसता?"

दुसऱ्या दिवशी दुसरी स्कूटर. मग एक टेम्पो. सगळ्या गावाला ह्यांचं दुखणं ठाऊक, त्यामुळे ह्यांना पायी जाऊ देणं म्हणजे पाप. शेजारच्या काकींनी तर मला कुंपणापलीकडून ऐकवलं, "सोड गो तेंका आता. जीव वाचलो तां पुरे नाय?" मी हसून हात हलवला. त्या काही स्कूटरवर नव्हत्या, पण हात हलवायची सवयच लागली होती. आतून मात्र नुसती खदखदत होते. आम्ही दोघं रस्त्यानं जात असलो की लोकांच्या नजरेत हे बिचारे आणि मी मागून हाकणारी. शेवटी मी ह्यांना रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवून स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालायला लागले, म्हणजे आधी मी दिसेन.

त्यात ते बोलण्याचं. हे मुळात अबोल. "बोला काय तरी." "काय बोलू?" "कायय बोला." घर ते मोरी आमच्यात एवढाच संवाद. इतक्या वर्षांच्या संसारात माणसांकडे बोलायला पुष्कळ साठलेलं असेल असं वाटतं. आमच्याकडचं संपलेलं होतं. मुलगी पुण्यात, तिचा फोन येऊन गेला की त्यावर चार वाक्यं, मग परत आपली शांतता आणि माझा कान ह्यांच्या श्वासावर.

एक दिवस मी फारच मागे लागले तेव्हा वैतागून ह्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. देवळात काही कार्याच्या आधी एक जण देवापुढे मोठ्यानं मागणं मागतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, तसं. गावात गाऱ्हाण्याला ह्यांचाच आवाज लागायचा. दुखण्यानंतर तो कोणी ऐकला नव्हता.

"बा देवा म्हाराजा, ही जी माजी बायल माका पाटेपासून दामटवता, तिका वायच बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

मी काय करणार? "व्हय म्हाराजा."

"आणि तिच्या हातान आमटीत वायच मीठ पडांदे रे म्हाराजा."

"ह्यां काय जमाचां नाय म्हाराजा."

हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले, आणि हसण्याच्या भरात चार पावलं चक्क धावले. "सावकाश, सावकाश," मी म्हटलं. लगेच थांबले. हात छातीवर गेला तो घरी येईपर्यंत तिथेच.

पण गाऱ्हाणं सुरू झालं ते झालं. रोज सकाळी नवीन मागणं. देवाकडे कधी सुक्या बांगड्याचं तिखलं मागायचे, कधी साहेबांची बदली. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत हलकेच धावायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. बोलणं तुटत नव्हतं. आवाज चढला की मी म्हणायचे, सावकाश. स्कूटर थांबली की हे आशेनं बघायचे, आणि दोन-तीन दिवसांआड एकदा बसून निघून जायचेच. मागून माझी चिडचिड. काजूला मोहोर आला तरी आम्ही मोरीच्या पलीकडे गेलो नव्हतो.

बघणाऱ्याला हे सगळं छान दिसत असणार. मुलीनं व्हिडिओ मागवला, मैत्रिणींना दाखवला, आईबाबा किती गोड. मला मात्र कंटाळा आला होता. हा शब्द आज लिहिते आहे, तेव्हा मनात म्हणायचीही हिंमत नव्हती. माणूस वाचलाय, आणखी काय हवं तुला, असं मीच मला दरडावायचे. झोपेत ह्यांचं घोरणं थांबलं की मला जाग यायची. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता हात खाली यायचा. पाय दुखायचे, पण ते पळून दुखतात तसे नाही. दुसऱ्याच्या चालीनं चालून, सारखं आवरून धरून दुखायचे. गेल्या वर्षापर्यंत हीच मोरी, हेच मळे, हीच धाप, आणि मला त्यात सुख होतं. आता मोरी दिसली की वाटायचं, अजून परतही जायचंय.

त्या दिवशीही ह्यांचं गाऱ्हाणं रंगात आलं होतं. मी ऐकत नव्हते. "व्हय म्हण गो," हे म्हणाले. एवढ्यात तोच वाडीतला माणूस स्कूटर घेऊन आला, थांबला, आणि सवयीनं म्हणाला, "बसा, सोडतंय." हे सवयीनं पुढे सरकले. त्यांच्या आधी मी बसले.

"सोड रे माका घराकडे," मी म्हटलं. हे बघत राहिले. मी वळूनही बघितलं नाही.

घरी येऊन ह्यांच्याच खुर्चीत बसले. थोडा वेळ बरं वाटलं, अगदी निर्लज्जपणे बरं वाटलं. मग चहा ठेवला. चहा उकळून आटला तरी हे आले नाहीत. परत फिरले असते तर एव्हाना यायला हवे होते. स्कूटर मिळाली असती तर कधीच यायला हवे होते. फोन लावला तर तो पडवीतच वाजला. मग मात्र मला मोरीवर पडलेला माणूस दिसायला लागला. मी फाटकाशी गेले, रस्त्याला लागले, आणि घरातल्या स्लिपरा घालून जी धावत सुटले ती शर्यतीत कधी धावले नसेन अशी.

समोरून पाववाला येत होता. आमच्या बाजूला नवीनच येऊ लागलेला, मला न ओळखणारा. त्यानं करकचून ब्रेक लावला.

"वयनीनू, कोण गेला काय?"

मी थांबले. "माका म्हायत नाय," मी म्हटलं, आणि पुढचं बोलताच येईना. माझं बोलणं तुटलं.

तो बिचारा सायकल धरून उभा राहिला. आणि तेवढ्यात वळणावरून हे आले. धावत. हळू, पाय घासत, शर्ट पाठीला चिकटलेला, पण धावत. छातीवर हात नव्हता. दोन्ही हात कोपरात वाकवलेले, मी कधीतरी शिकवलेले तसे. माझ्यापाशी येऊन थांबले.

"मोरीच्या पुढे गेल्लंय," हे म्हणाले. "स्टेशनाच्या चढणीपर्यंत. गाडी जाताना बघितलंय. वाटेत तीन जण थांबले, तिघांकाय नाय म्हटलां." मग थोडा दम खाऊन, तक्रार म्हणून नव्हे, सहज सांगावं तसे म्हणाले, "आज मागसून 'सावकाश, सावकाश' म्हणणारां कोण नव्हतां. बरां वाटलां."

ह्यांच्या एक थोबाडीत द्यावी असं वाटलं आणि तिथेच रस्त्यावर बसावंसंही वाटलं. ह्यातलं काही केलं नाही. इतके दिवस मी त्या माणसाला चालवत होते असं मला वाटत होतं, आणि रोज मीच त्याला थांबवत होते. त्यांच्या भीतीला माझी सोबत होती, आणि माझ्या भीतीला त्यांची.

ह्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "स्लिपरां घालून कित्याक धावतंस गो?"

"अशीच," मी म्हटलं. पाववाला आमच्याकडे एकदा बघून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी हे माझ्या आधी उठून फाटकाशी उभे होते. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "तू पुढे जा. माज्यापायी तुजी चाल मोडता. मी येतंय मागसून."

मी म्हटलं, नको. हे म्हणाले, जा. मी गेले. पाय ओळख विसरल्यासारखे जड, सीझनच्या पहिल्या दिवशी असतात तसे. मागून गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, ही जी पुढे चल्ली आसा, तिचे पाय मोकळे होवंदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी पुढे बघतच मोठ्यानं म्हटलं.

"आणि तिका मागे वळान बघूची बुद्धी होवंदे नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्यापुढचं मागणं अर्धवट ऐकू आलं. वळणानंतर आवाज यायचा थांबला. मोरी समोर दिसत होती, पोटऱ्या दुखत होत्या, आणि कित्येक महिन्यांनी मला फक्त माझीच धाप ऐकू येत होती.