‘हळू’ म्हणजे दूध

सोलापूरला उतरले तेव्हा ऊन नुकतंच फलाटावर आलं होतं. पुढची पॅसेंजर चुकवायची नव्हती, म्हणून उभ्यानेच चहा घेतला. बालवाड्यांची पाहणी हे माझं काम. दुधनीच्या शिक्षिका शकुंतलाबाई नोकरी सोडायचं म्हणत होत्या आणि त्यांच्या जागी तिथे जायला कोणी तयार नव्हतं. त्या गेल्या की बालवाडी बंद पडणार होती.

होटगी मागे पडली तशी डब्यात कानडी वाढली. समोरच्या बाईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली.

“कुटं निघालाव?”

“दुधनीच्या बालवाडीत.”

“तितं लई दंगा हाय की. बाई सांगती एक, पोरं करत्यात एक.”

चटणीने डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे पुढचं विचारायचं राहून गेलं.

दुधनीत स्टेशनबाहेरच अडत दुकानं आणि ज्वारीची पोती. त्यांच्यामागे काळं रान दूरवर सपाट पसरलेलं. बालवाडी मठाच्या मागच्या खोलीत होती. मी पोचले तेव्हा दूधवाटप चाललं होतं. जर्मनचे पेले घेऊन मुलं शकुंतलाबाईंच्या अंगावर चढत होती. “हळू, हळू!” त्या म्हणत. म्हणतील तशी मुलं आणखी रेटत. शेवटी पातेलं कलंडलं आणि माझी चप्पल दुधात भिजली.

दारात कल्लव्वा नावाची आजी कडेवर नातू घेऊन उभी होती. ती हसत सुटली.

“आवं बाई, तुमीच बोलवायलाव की त्यास्नी. हालु म्हंजे आमच्यात दूध. तुमी दूध दूध वरडताव, पोरं येणारच.”

“मग हळूला काय म्हणायचं?”

“निदान म्हना.”

आपल्याकडे निदान म्हणजे कमीत कमी. इथे निदान म्हणजे सावकाश. शकुंतलाबाईंनी चाचरत “निदान, निदान” म्हटलं. मुलं एकमेकांकडे बघून फिसकन हसली आणि मागे सरली.

जमिनीवरचं दूध पुसायला कल्लव्वाने फडकं घेतलं आणि नातू शकुंतलाबाईंकडे दिला. दूध पुसून झालं तरी त्यांनी तो परत केला नाही. एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने पेले भरत राहिल्या.

दुपारी भाकरी खाताना त्या बोलल्या. नवरा गेल्यावर ही नोकरी मिळाली. मुलगी नंदा दीड वर्षाची, बार्शीला सासूबाईंकडे. बालवाडीत तीन वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही असा नियम, आणि गावात तिला कोणाजवळ ठेवणार?

“इथे सगळ्यांची नाकं पुसते हो,” त्या म्हणाल्या. “माझ्या नंदाचं नाक कसं आहे तेच आठवेनासं झालंय. तिला आणू द्या, नाहीतर मला सोडा.”

कल्लव्वाने मध्येच तोंड घातलं. “धाकट्याला घेत न्हाईत म्हनून थोरल्या पोरी बी येत न्हाईत. आया रानात, धाकटं थोरलीच्याच कडेवर. तुमाला एकेक पायजे, आमच्याकडं जोडीनं हाय.”

तिचं खरं होतं. नियम बदलायचा अधिकार मला नव्हता.

“धाकट्यांची नावं घालू नका,” मी म्हटलं, “पण खोलीत झोळ्या बांधा. झोळीत कोण आहे हे विचारायला कोणी येत नाही. तुमचीही आणा. वर काय सांगायचं ते मी बघते.”

शकुंतलाबाईंनी लगेच पिशवी भरली. नंदाला आणायला संध्याकाळच्या गाडीला माझ्याबरोबर निघाल्या.

सोलापूरला त्यांना बार्शीची एसटी धरायची होती. स्टँडजवळच्या दुकानात त्यांनी दोन फ्रॉक हातात घेतले. कधी एक वर धरीत, कधी दुसरा. दिवाळीनंतर त्यांनी मुलीला पाहिलं नव्हतं.

“कोणता बसेल हो?” त्यांनी मला विचारलं. गावातल्या मुलांची उंची भिंतीवर रेघ मारून मोजणारी बाई.

मी मोठा घ्यायला सांगितला.

एसटी गेली. माझ्या पुण्याच्या गाडीला वेळ होता. माझी मुलं केव्हाच मोठी झाली, घरात आता दोनच ताटं लागतात. तरी मघाशी त्या दुकानात मीही एक फ्रॉक उगाच हातात धरून उभी होते. मोठा झाला तर फ्रॉकला आत टीप घालता येते. पण आईला बघून नंदा आजीच्या पदराआड गेली तर काय करायचं, हे आमच्या कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.