तुळशीवरचा लाल कोळी

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पोटासाठी दक्षिणेत आलेलो. अंबत्तूरच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली वडिलांची बोटं गेली आणि पाठोपाठ कामही गेलं. मग ते पेरुंगुडीच्या एका अपार्टमेंटमध्ये वॉचमन झाले. जिन्याखालची खोली मिळाली. आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायची. ती माणसं सुट्टीला गावी गेली की आमच्या सांबारातली डाळ पातळ व्हायची. मी शिकावं असं दोघं कधी बोलले नाहीत, पण मला कामालाही लावलं नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी लाल कोळी घेतला. पानामागे बसून रस शोषणारा, बारीक जाळं विणणारा, ठिपक्याएवढा जीव. तो कोणकोणत्या झाडांवर राहतो, हे शोधायचं होतं. आवारातच एरंड, पपई, जास्वंद सापडली. मग आमच्या दारातल्या तुळशीची पानं पांढुरकी दिसायला लागली; मागे तोच कोळी.

हे सांगितल्यावर प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या, "नुसता कोळी दिसून चालत नाही, तो वाऱ्यानंही येतो. पानावर अंडी दाखव, म्हणजे तो तिथंच वाढतो हे ठरेल. आणि जात ओळखायला नर लागतो. उद्या आणलंस तरच प्रोजेक्ट घेईन."

धावत घरी आले, तर द्वादशी. आई कुंडीपुढे उभी.

"आज तुळस तोडायची नाही."

"अगं, दोनच पानं! तो कोळी तिला रोज खातोय, ते चालतं?"

"त्याला पंचांग कळत नाही. तुला कळतं."

माझी पदवी अडली होती आणि ही तिथी सांगत होती. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात वडील खुर्चीतून म्हणाले, "तोडू नको म्हणाली ती. पडलेलं उचलू नको असं कुठं म्हणाली?"

कोळ्यामुळे पानं गळतच होती. नुकतंच पडलेलं एक भिंगाखाली धरलं: काचेच्या मण्यांसारखी अंडी! मग फांदीखाली पांढरा कागद धरून हलकेच टिचकी मारली. कागदावर ठिपके चालायला लागले. आईनं भिंग ओढून घेतलं.

"यातला नर कुठला गं?"

"तो बारका, मागे निमुळता. बाकी सगळ्या माद्या, पण जात त्याच्यावरूनच ओळखतात."

"एवढ्या बायका राबतायत आणि ओळख या एकट्यावरून? इथंही तेच!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि मान डोलावली. प्रोजेक्ट स्वीकारला गेला. त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.