छर्‍यांचं रिव्हॉल्व्हर

घरात पाल मेली तरी मला दिवसभर अपराधी वाटतं, त्यामुळे एका शस्त्राचं कौतुक लिहिताना संकोच होतोय.

कुवेतमध्ये थंडीत लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. थंडी सरता सरता माझ्या वयस्कर कुवेती साहेबांनी आम्हा नवराबायकोला त्यांच्या तंबूवर बोलावलं. शेकोटीसाठी लाकूड घ्यायला बायको वाकली आणि ढिगातून डोळ्यांवर शिंगं असलेला विषारी साप तिच्यासमोर आला. तिच्या मागे जीप होती. सरकायलाही जागा नव्हती.

"भाभी, हिलना नहीं," साहेब त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. बाजूला सरकत त्यांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि सापावर, खाली वाळूच्या दिशेनं एकच बार उडवला. साप जागीच संपला.

मग त्यांनी मला ते रिव्हॉल्व्हर दाखवलं. त्यात शिकारीच्या बंदुकीची छर्‍यांची काडतुसं बसतात. वळवळत्या सापावर एका गोळीचा नेम धरणं कठीण, छरे मात्र पसरतात. शिवाय त्यांचा जोर लवकर ओसरतो, म्हणून पलीकडच्या तंबूंना धोका कमी. त्यांची लांब बंदूक तंबूत होती. ती आणेपर्यंत उशीर झाला असता.

"तुम्ही काय करत होतात हो?" बायकोनं विचारलं.

"उभा होतो."

"ते दिसलं मला."

तिनं मेलेल्या सापाला हात जोडले. मीही जोडले. पण खरं सांगतो, मला सापाचं वाईट वाटलं नाही. मी त्या जाडजूड, ओबडधोबड लोखंडाकडेच बघत होतो.