महाजन सरांना चुकायला आवडायचं

महाजन सर दारात दिसले की बऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या आया चहा मुद्दाम उशिरा टाकत. कारण चहा संपेपर्यंत सर हवापाण्याच्या गप्पा मारत आणि कप खाली ठेवला की त्या घरातल्या दहावीच्या पोराचा निकाल सांगून मोकळे होत. परीक्षा अजून लांब असायची. दिवाळीची सुट्टी लागली की सर आपल्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी जात, बशीत ओतून चहा पीत, मिशा पुसत आणि आईबापांसमोर गणिताचा अंदाज जाहीर करत. तो बहुतेक वेळा वाईटच असे.

आमच्याकडे आले तेव्हा आईने चहा इतका उकळला की त्याचा काढा झाला. सरांनी तो निमूटपणे संपवला आणि म्हणाले, "ताई, तुमची वैशाली हुशार आहे. पन गनितात नापास होईल." आईने पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. मी आधी रडले, मग चिडले आणि चिडूनच गणितं सोडवायला बसले.

या अंदाजाला एक नियम होता. तो खोटा पाडणाऱ्याने निकालाच्या दिवशी सरांना पावशेर मावा जिलबी आणून द्यायची. "आणि खरा ठरला तर?" माझ्या वडिलांनी जरा घुश्शातच विचारलं होतं. "तर मी हरलो," सर म्हणाले. "मंग पुरवनी परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी मी तुमच्या ओट्यावर." आणि ते खरंच येऊन बसत. फी नाही, काही नाही, वर घरच्यांनाच चहाचा ताप.

मी पास झाले. राजपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पुडा घेऊन गेले तर ओसरीवर आधीच पुड्यांची रास लागलेली, आणि सरांच्या पत्नी निर्मलाकाकू कुणाला किती वाटायची या विवंचनेत. सरांनी माझ्या पुड्यातली एक काळपट, पाकाने निथळणारी जिलबी उचलली आणि डोळे मिटून खाल्ली. "मस्त चुकलो!" ते म्हणाले. स्वतः चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवरे तर नाहीच नाही.

त्यांना कुणी ज्योतिषी म्हटलं की मात्र ते भडकत. "भविष्य येगळं, अंदाज येगळा," ते म्हणत. "भविष्य आयकून मानूस हात जोडतो. अंदाज आयकून बाह्या वर करतो." शिकवण्यापलीकडे माणूस तसा त्रासदायकच. भाजीवालीची बेरीज दुरुस्त करणार, लग्नाच्या पंगतीत किती पुऱ्या कमी पडतील ते यजमानाला आधीच सांगणार. काकू बिचाऱ्या मागून सारवासारव करत यायच्या. बाजार, बँक, वीजबिल सगळं सरच बघत, आणि काकू त्यांच्या स्कूटीच्या मागच्या सीटवरून जेवढं दिसेल तेवढं गाव बघत.

पुढे मी डॉक्टर झाले, रेडिओलॉजी केली आणि बऱ्हाणपुरात परत येऊन लालबाग रस्त्यावर सीटी स्कॅनचं सेंटर टाकलं. सर उद्घाटनाला आले, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "म्हनजे तू बी अंदाजच सांगते की! मानसाले न कापता आत काय आहे ते."

काही वर्षांनी ते त्याच मशीनवर झोपले. वजन उतरलं होतं, उजव्या बरगडीखाली सारखं दुखत होतं. यकृतात गाठ दिसली. तुकडा तपासला तेव्हा कळलं, यकृताच्या आतल्या पित्तनलिकेचा कर्करोग.

माझी एक वर्गमैत्रीण मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेमकं याच कामात आहे. हा आजार कधी कधी इतक्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतो की स्कॅनवर डोळ्यांना काही दिसत नाही. ऑपरेशननंतर गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की मगच कळतं, आणि शिरलेला असला तर तो लवकर उलटतो. मैत्रिणीच्या गटाने संगणकाला आधीच्या पुष्कळ रुग्णांचे स्कॅन आणि त्यांचं पुढे काय झालं ते शिकवलं आहे. गाठीची कड, तिच्या आसपासच्या छटा यांवरून तो आधीच अंदाज देतो. मी सरांचे स्कॅन पाठवले. उत्तर आलं, शिरलेला असण्याची शक्यता बरीच जास्त. ती कड मलाही खटकली होतीच. पण सरांची होती, म्हणून मला ती मान्य करायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांचा मुलगा नितीन पुण्याहून आला आणि एकटाच मला भेटला. "ताई, बाबांना सांगू नका. जवळच कुठेतरी छोटं ऑपरेशन करून घेऊ. या वयात उगीच कशाला?" आपल्याकडे सगळे असंच करतात, त्याचं काही चुकत नव्हतं. पण त्याचं बोलणं संपायच्या आत सर दार ढकलून आत आले, काकूंना घेऊन.

"पेपर तपासला का?" त्यांनी विचारलं. मी चहा मागवला. तो काही केल्या येईना. सर माझ्याकडे बघत राहिले. "उशिरा आनायले सांगितला ना? आईवर गेली तू." चहा आला. त्यांनी बशीत ओतला. थोडा टेबलावर सांडला, तो काकूंनी पदराने पुसला.

"आता सीधं सांग. गोड नको."

मी सांगितलं. ऑपरेशन होण्यासारखं आहे, पण आजार बारीक वाहिन्यांत शिरला असावा, आणि तसं असेल तर ऑपरेशननंतरही वर्षाच्या आत परत येईल. काकूंचा हात टेबलावर तसाच राहिला.

"पक्कं?" सरांनी विचारलं.

"पक्कं नाही, सर. अंदाज आहे."

त्यांनी मान वर केली. "मंग त्याले चुकवायचं कसं ते बोल."

शिरला आहे असं धरूनच सर्जनने तयारीने उतरायचं, मी म्हणाले. गाठीभोवतीचा भाग जास्त घ्यायचा, जवळच्या लसिकाग्रंथी काढायच्या, नंतर काही महिने औषध. सोपं नाही. नितीन मध्ये पडला तसे सर म्हणाले, "पोरा, छोटं ऑपरेशन म्हनजे काठावर पास व्हायचा अभ्यास." मग काकूंना नितीनबरोबर बाहेर पाठवून ते हळू आवाजात बोलले. "मले भ्या वाटते, वैशाली. मरायचं तर वाटतेच. पन तुझ्या काकूले एकटीले बँकेत बी जाता येत नाही. सगळं मीच करत राह्यलो, गाढवासारखा. मले थोडा टाइम पाह्यजे." सरांच्या तोंडून भीतीचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. सूक्ष्मदर्शकाने संगणकाचंच म्हणणं खरं केलं, आजार वाहिन्यांत शिरलेला होता. "मशीन पास झाली," सर फोनवर म्हणाले. "आता मी बाकी."

औषधाने ते पार गळून गेले. तरी सकाळी शाळेच्या मैदानाच्या पायरीवर कानटोपी घालून बसायचे आणि काकू स्कूटीवरून गोल गोल फिरायच्या. सगळा राजपुरा बघायला जमे. काकूंनाही त्यांनी अंदाज ऐकवला होता. "तू बुधवाऱ्याच्या चौकापुढे एकटी जाऊच शकनार नाही." त्या भडकल्या, जेवण वाढताना ताट आपटलं आणि सकाळी पुन्हा स्कूटीवर बसल्या.

तपासणीचे स्कॅन स्वच्छ येत राहिले. वर्ष उलटलं तेव्हा मी विचारलं, "सर, माझी जिलबी?" "घाई नको. निकाल लागू दे." दुसरंही वर्ष तसंच गेलं. मग यकृतात पुन्हा ठिपके दिसले. मी चहा पाजून ते सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा काकू सरांना स्कूटीवर मागे बसवून घरी घेऊन गेल्या.

सर जायच्या आठवडाभर आधी, सेंटरमध्ये रुग्णांची गर्दी असताना बाहेर हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला. बघते तर डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पर्स, काकू! एकट्या. चौक ओलांडून लालबागपर्यंत. त्यांनी डिकीतून दोन पुडे काढले.

"हा तुझा. अदपाव. हे म्हणाले, वैशालीचा अंदाज अर्धाच चुकला. आजार आला, पन उशिरा आला. जास्त देऊ नको, लाडावेल."

मी हसले आणि मग मला रडू आवरेना. काकूंनी पाठीवर हात ठेवला.

"आणि तो दुसरा?"

"हा पावशेर. माझ्याकडून त्यांना."

सरांच्या पोटात पेजेशिवाय काही जात नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. काकूंनी पुडा डिकीत नीट ठेवला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.

तासाभराने सरांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"वैशाली, काकू आली होती का तिकडे?"

"आल्या होत्या, सर."

"एकटी?"

"एकट्या."

"मस्त चुकलो," सर म्हणाले.