ग्रीकांचं शहाणपण आणि माझी पाठवणी

माझ्या पाठवणीच्या दिवशी मी रडले नाही, हा माझ्या आयुष्यातला पहिला मोठा मूर्खपणा. काल नातीच्या लग्नातल्या ओल्या हळदीचा वास आला आणि तेव्हाची मी, ती चौदा वर्षांची शहाणी बाई, पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहिली.

दादा तेव्हा नागपूरला कॉलेजात होता. सुट्टीत गावच्या तलावाच्या पाळीवर बसून तो मला सांगायचा की, ग्रीस देशात एक जुना तत्त्वज्ञ होऊन गेला. जे आपल्या हातात नाही त्याचं दुःख करू नये, मन शांत ठेवतो तोच गुणी आणि तोच सुखी, असं त्या तत्त्वज्ञाचं म्हणणं. ग्रीस चिचगडच्या जंगलापलीकडे कुठेतरी असावा, असा माझा अंदाज होता. पण गुणी व्हायचं मी पक्कं ठरवलं.

बैलगाडी दारात आली. मायनं मला छातीशी धरून हंबरडा फोडला. मी दात आवळून म्हणाले, "माये, जे आपल्या हातात नाही, त्याचं दुःख काऊन करून राहिली?"

मायचे हुंदके एकदम थांबले. मला सोडून ती घरात निघून गेली. सासरी, आमगावपर्यंत, मी गाडीत गोंधळून बसले होते. गुणी तर झाले, मग सुखी का नाही? ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्या सणाला माहेरी गेले, तेव्हा तांदूळ पाखडत बसलेल्या मायला मी त्या ग्रीकाचं सगळं समजावून सांगितलं. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "शहाणाच असन बापा थो. पण त्याच्या मायले कोणी इचारलं का?"