चाचांचे खिशातले हात

हात खिशात घालून काम करणारा मेकॅनिक मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे चाचा. दाभोळकडचे. पांढरी दाढी, कंपनीची निळी पँट, आणि दोन्ही खिशांत दोन हात. घरमालक डोक्यावर उभा, मी पाना घेऊन नाचतोय, आणि चाचा मशीनसमोर असे, जसे एसटीची वाट बघतायत. म्हणायचे, "पहिला अर्धा तास हातांना सुट्टी. डोळ्यांची ड्युटी आधी."

माझं नेमकं उलटं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातली तिसरी दोनदा, कारण गुरुजींना माझ्याशिवाय करमत नव्हतं. त्यामुळे डोक्याचं काम मी लहानपणीच हातांवर सोपवलेलं. आवाज आला की स्क्रू पिळायचा, आवाज वाढला की उलटा पिळायचा. मस्कतजवळ रुसैलच्या कामगार कॅम्पात माझी खाट चाचांच्या खाटेला लागून होती, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

आमची कंपनी तशी एसीची. मस्कतमध्ये घर गरम करायला मशीन लागत नाही, दार उघडलं की झालं. पण वर जबल अख्दरच्या डोंगरावर थंडीत दात वाजतात. तिथल्या मोठ्या घरांत बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पाणी फरशीखालच्या पाइपातून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरतं आणि परत येतं. तेच पाणी, बाहेर जायचं नाही. मीटरचा काटा त्याचं प्रेशर दाखवतो. काटा पडला की बॉयलर बंद, म्हणजे पाणी कुठूनतरी जातंय.

ते कुठून, हे शोधायची चाचांची एक रीत होती. मीटरच्या काचेवर टेपचा तुकडा, त्यावर पेनाची रेघ, बाजूला वेळ. तीही बॉयलर गार झाल्यावरच. "तापलेल्याची साक्ष घ्यायची नाही," म्हणायचे. "काटा असो नायतर बायको." मग स्टूल ओढून बसायचे. आम्ही पोरं म्हणायचो, म्हाताऱ्याला आता काम होत नाही.

एकदा चाचा तापानं पडले आणि जबलवरून एका अर्बाबचा, म्हणजे तिथल्या घरमालकाचा, फोन आला, बॉयलरचं प्रेशर पडतंय म्हणून. सुपरवायझरनं मला एकट्याला पाठवलं. घरात अर्बाबची म्हातारी आई होती, दोन घोंगड्या पांघरून बसलेली. मी सगळे रेडिएटर चाचपले, कुठे ओल नाही. चार तास गेले. मग मला अक्कल सुचली. छतावरच्या टाकीतून बॉयलरमध्ये पाणी भरायचा जो वॉल्व्ह असतो, भरून झालं की बंद करायचा, तो मी थोडा उघडाच ठेवला. जेवढं जाईल तेवढं आत येईल. काटा जागच्या जागी.

"अर्बाब, खलास," मी म्हणालो. म्हणजे काम संपलं.

म्हातारी खुश. कावा आला, ती त्यांची कडू कॉफी, खजूर आले. बाहेर डाळिंबाच्या झाडाखाली उभा राहून मी अकरा खजूर खाल्ले. बूट ओले झाले. म्हणलं, माळ्यानं पाणी घातलं असेल.

पाच दिवसांनी पुन्हा फोन. त्या घराचं पाणी टँकरचं. छतावरची टाकी कोरडी, बॉयलर बंद, म्हातारीला नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, पाणी नाही. अर्बाबचं म्हणणं, पाणी फरशीखाली मुरतंय, उद्या ठेकेदार येऊन आईच्या खोलीतला संगमरवर फोडणार. चाचा उठले होते. आम्ही दोघं निघालो. सबंध घाट मी वॉल्व्हबद्दल चकार शब्द काढला नाही. नोकरी जाईल, ही एकच भीती. तीन आठवड्यांपूर्वीच गावाला बहिणीचं लग्न ठरलेलं.

सकाळीच टँकर येऊन टाकी भरून गेला होता. चाचांनी टेप लावली, रेघ मारली, हात खिशात. तासभर काटा हलला नाही.

"काटा म्हणतो प्रेशर पडत नाही," चाचा म्हणाले. "म्हातारी थंडीनं कुडकुडतेय. म्हातारी खोटं बोलत नाही. मग काट्याला खोटं बोलायला कोणी शिकवलं?"

मी बुटांकडे बघितलं. "मी."

ओरडतील वाटलं. ते नुसते म्हणाले, "बंद कर."

वॉल्व्ह बंद केला. मग खोल्यांकडे जाणारे दोन्ही पाइप बंद केले, बॉयलर घरापासून तोडला. नवी रेघ, नवी वेळ. दुपार कलली, असरच्या नमाजापर्यंत काटा बोटभर खाली.

"घर तोडलंय तरी पडतंय. म्हणजे चोर इथेच आहे, फरशीखाली नाही."

बॉयलरला एक लोखंडी डबा असतो. आत रबर, रबरामागे हवा. तापून फुगलेलं पाणी तिथे मावतं. चाचा म्हणाले, "हवेची पिन दाब, हवा यायला पाहिजे." मी तोंड जवळ नेऊन दाबली. पाणी आलं, सगळं माझ्या तोंडावर.

"रबर फाटलंय. फुगलेल्या पाण्याला जागा नाही, ते सेफ्टी वॉल्व्हमधून पळतं. पळून पळून तोही आता गळतोय. चल, बाहेर कुठे पडतं बघू."

त्या वॉल्व्हचा पाइप भिंतीतून आरपार डाळिंबाच्या बुंध्याशी निघाला होता. खाली चिखल. चिखलात एका बुटाचा ठसा, आसपास खजुराच्या बिया. चाचांनी बिया मोजल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार.

"फरशी वाचली, हे मी सांगतो," ते म्हणाले. "टाकी कोणी रिकामी केली, हे तू सांगायचं."

"चाचा, नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. पण काट्यालाच खोटं शिकवलंस तर नोकरी राहून करशील काय? खरं बघशील कुठे?"

माझं अरबी पन्नास शब्दांचं, त्यात माफीचा एकही नाही. अर्बाबसमोर उभा राहिलो, छातीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "अना. माय. खलास." मी, पाणी, संपलं. मग वॉल्व्ह उघडल्याची नक्कल केली. अर्बाबचा चेहरा दगड. घोंगडीतून म्हातारीनं काहीतरी विचारलं, त्यानं सांगितलं, ती बराच वेळ हसली आणि चाचांना काही बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, ज्याचं काम झालं नाही त्यानं खजूर कसे खाल्ले?"

नोकरी राहिली. सुपरवायझरनं शिक्षा म्हणून वर्षभर मला चाचांची बॅग उचलायला लावली. त्याला शिक्षा द्यायचं काही कळत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात चाचा कायमचे गावी गेले. गुडघे शिडी चढू देईनात. मला वाटलेलं, जाताना आपला पाना तरी देतील. बॅग सगळी घेऊन गेले, टेपसकट. गाडीत बसताना म्हणाले, "हात तुझ्याकडे आहेत. खिसे पण आहेत."

या थंडीत त्याच अर्बाबचा फोन आला, काटा परत पडतोय. मी टेप लावली, रेघ मारली आणि स्टुलावर बसलो. म्हातारी काठी टेकत आली, अजून तशीच. खजुरांची ताटली पुढे केली.

"खलास?" तिनं विचारलं.

"बुक्रा," मी म्हणालो. उद्या सांगतो.

ती ताटली पुढे धरून उभीच राहिली, डोळ्यांत तेच जुनं हसू. खजूर चांगले मऊ दिसत होते. मी हात खिशातून काढले नाहीत.