म्हात्रेकाकांची बाई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी सगळं सांगतो, अगदी डब्यातली कारल्याची भाजी कुणाच्या गळ्यात मारली तेसुद्धा. मग हेच का राहिलं? तुम्हीच ऐका.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. मी तिथले कॉम्प्युटर सांभाळतो. कुठल्या मशीनवर कुठला अपडेट जायचा हे एका सर्व्हरवरून ठरतं. माझ्याआधीच्या पठ्ठ्याने त्यात सापडतील त्या सगळ्या कंपन्यांचे अपडेट मागवून ठेवले होते, आम्ही कधी न वापरलेल्या सॉफ्टवेअरचेसुद्धा. सर्व्हर गच्च झाला, वजनकाट्यावर ट्रक पावतीसाठी खोळंबायला लागले, आणि साहेब म्हणाले, नको ते सगळं साफ कर.

साफ करायच्या दोन रीती. नुसता अपडेट नाकारायचा, किंवा ते सॉफ्टवेअरच सगळ्या मशीनवरून काढून टाकायचं. काढण्याआधी प्रत्येक टेबलाला फोन करून विचारायचं, हा आमचा नियम. आणि फोन जोडून देणार म्हात्रेकाका — इथेच माझं घोडं अडलं.

म्हात्रेकाका सारसोळ्याचे, आमचे टेलिफोन ऑपरेटर. त्यांना जन्मापासून दिसत नाही. तोंड मात्र अखंड चालू. त्यांच्याकडे एक नंबर मागितला की आधी माझ्या आईचे गुडघे, मग डब्यात काय, मग लग्नाचं कुठवर आलं, आणि मग जमलंच तर फोन. मला ते फार आवडायचे, खरंच. पण त्या दिवशी करंजाड्याला मुलगी बघायला जायचं होतं. एवढे फोन, प्रत्येक फोनला गप्पा — मी कंटाळा केला. कुणालाही न विचारता यादीतली अनोळखी नावं निवडली आणि ती सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवरून काढून टाकली.

सोमवारी काकांचा फोन.

"बाला, माजी बाई गप झाली. मीच कायतरी भलतं दाबलं असंल."

त्यांची बाई म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरमधला आवाज. काकांच्या लेकीने हट्टाने त्यांना ते शिकवलं होतं. साठीला टेकलेला हा माणूस दुपारी लेकीला स्वतःच्या हाताने मेल लिहायचा, आणि 'बाई आज नाकात बोलते' म्हणून आम्हाला हसवायचा. त्या बाईचं यादीतलं नाव निराळं होतं. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

काकांनी काही दाबलं नव्हतं. दाबलं होतं मी. आणि मी काय म्हणालो? — "होतं असं, काका. हात लागतो."

एवढंच. मी ते सॉफ्टवेअर परत टाकलं आणि दुपारपर्यंत बाई बोलायला लागली. पण काकांनी त्यानंतर कीबोर्डला हात लावला नाही. पुन्हा बिघडवीन म्हणाले. लेकीचे मेल ते मला सांगायचे आणि मी टाइप करायचो. बदल्यात तळलेले बोंबील यायचे. कबूल करायचं तर सगळंच करतो — मला ते आवडत होतं. त्यांच्याशेजारी बसणं, त्यांचं माझ्यावर विसंबणं. खरं सांगितलं असतं तर हे गेलं असतं, असं वाटायचं.

रिटायर होताना काका माइकवर म्हणाले, "मी एकदा मशीन बिघडवली होती. या पोरानं साहेबांना कलू दिलं नाय. आजून कुनाला बोलला नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नारळी पौर्णिमेला मी अजून सारसोळ्याला जातो. लेकीने त्यांना बोलणारा लॅपटॉप पाठवलाय, तो कपाटात असतो. मी गेलो की बाहेर काढतात आणि माझ्यासमोर ठेवतात. ते सांगतात, मी लिहितो. मध्येच थांबतात — लेकीला काहीतरी लिहायचं असतं, पण माझ्यासमोर सांगवत नाही. मग म्हणतात, राहू दे, तब्येत बरी हाय एवढंच लिव.

या वेळी तसे दोनदा थांबले. मी दोन्ही वेळा 'तब्येत बरी आहे' लिहिलं, खाली त्यांचं नाव टाकलं आणि मेल पाठवून दिला.